नानांची वही

चारचौघांत उभं राहून बोलायला मला नानांनी शिकवलं. कबड्डीच्या मैदानावर माईक हातात दिला तो त्यांनीच, आणि आज कृषी सहायक म्हणून गावोगावच्या बैठकांत शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मी जी काही उत्तरं देतो, त्यामागेही त्यांचीच शिकवण आहे. त्यांचं पूर्ण नाव मी लिहीत नाही. आपलं नाव पुढे केलेलं त्यांना कधी आवडलं नाही. ते दौंडचे, रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतरची सारी वर्षं त्यांनी शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या कबड्डी स्पर्धांचं समालोचन करण्यात घालवली. मानधन म्हणून एसटीचं भाडं घेत. जेवण मंडळाच्या पोरांबरोबर.

आमच्याकडे कबड्डीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. रब्बीची पेरणी उरकलेली असते, उसाला कोयता लागलेला असतो. मग घोड आणि भीमेच्या मधल्या गावांत एकेक मैदान आखलं जातं, ते थेट चैत्रातल्या जत्रांपर्यंत. हंगामातल्या पहिल्या स्पर्धेला नाना दुपारीच येत. दौंडहून चौफुला, तिथून पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्याकडे. पोरं फक्की मारत असायची, हॅलोजनच्या वायरी ओढणं चालू असायचं. नाना मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून बसत आणि कर्ण्यावरून सांगत, "सामने संध्याकाळी आहेत. तोवर ज्यांना या खेळातलं काही कळत नाही, त्यांनी पुढे यावं आणि विचारावं. ज्यांना कळतं, त्यांनी मागे बसून ऐकावं." हा क्रम ते कटाक्षाने पाळत. जुना खेळाडू पुढे सरसावला, की त्याला हात जोडून मागे बसवत आणि एखाद्या आजीला किंवा शाळकरी पोराला पुढे घेत.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते १९९० साली. त्या वर्षी बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीचा पहिल्यांदा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकलं. मी नववीत होतो. मैदानावर ओरडण्यात मी पुढे, पण चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. मला एक प्रश्न छळत होता. बाद झालेला गडी परत आत कसा येतो? आमचे आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी एकदा बाहेर गेला तो बाहेरच. विचारायचा धीर झाला नाही म्हणून वहीचं पान फाडून त्यावर प्रश्न लिहिला आणि एका मित्राच्या हाती पाठवला.

नानांनी चिठ्ठी वाचली. कुणी लिहिली हे विचारलं नाही. पूर्वी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळला जाई, असं ते सांगू लागले. संजीवनीत प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केला की आपला बाद गडी जिवंत होऊन आत येतो. गामिनीत अख्खा संघ बाद होईपर्यंत कुणीच परत येत नाही. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजले जातात. आजचा खेळ संजीवनीच्या वाटेने आला आहे, आणि जो आधी बाद झाला तोच आधी आत येतो. "ज्याच्या आजोबांनी हे सांगितलं, ते गामिनी खेळलेले दिसतात," नाना म्हणाले. "उद्या त्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी आजोबांना नेलं. नानांनी त्यांना खुर्ची दिली आणि सरळ माईक त्यांच्या हातात दिला. घरात ज्यांचं बोलणं आम्ही कधी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं, ते आजोबा घामाने भिजलेल्या जुन्या सामन्यांबद्दल बोलत राहिले आणि अख्खं गाव ऐकत राहिलं. प्रश्न विचारण्यात कमीपणा नसतो, उलट आपल्या प्रश्नामुळे दुसऱ्या कुणाला मान मिळू शकतो, हे मला त्या दिवशी दिसलं. पुढे कितीतरी वर्षांनी मी ते शब्दांत मांडू शकलो.

मग मी त्यांच्या मागे मागे फिरू लागलो. त्यांनी मला गुणलेखकाच्या शेजारी बसवलं. बारावीला नापास झालो, त्या वर्षी घरी आल्यागेल्याचा एकच विषय असायचा, याचं पुढे काय. नानांनी तो कधी काढला नाही. त्यांनी आपली वही माझ्यापुढे ठेवली.

त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. जाड पुठ्ठ्याची, लांबट, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. आत हाताने आखलेले रकाने होते. प्रश्न, गाव, उत्तर आणि शेवटी 'कुणाला विचारून खात्री केली'. विचारणाऱ्याचं नाव लिहायला रकानाच ठेवलेला नव्हता. गार्डाच्या नोकरीत गाडीची वेळ टिपण्याची सवय लागलेली, तशी सावकाश, स्वच्छ अक्षरं. काही प्रश्नांपुढे शेवटचा रकाना रिकामा होता. नाना म्हणाले, "एवढे शोधून आण." मी पुण्याला जाऊन जुन्या पंचांना भेटलो, नियमांची पुस्तकं मिळवली. बोनस गुणाला समोर किमान सहा बचावपटू का लागतात, हा त्यातलाच एक प्रश्न. पूर्ण भरलेल्या मैदानात बोनस रेषेपर्यंत जायचं म्हणजे जिवावर उदार व्हायचं, म्हणून त्याचा गुण. गडी कमी झाले की तिथवर जाण्यात धोका उरत नाही. हे उत्तर एका पंचांकडून ऐकून मी वहीत लिहिलं तेव्हा नानांनी ते मोठ्याने वाचायला लावलं. असं शोधता शोधता मला वाचायची गोडी लागली. पुन्हा परीक्षेला बसलो, पास झालो, शेतकी पदविका केली. नापास झाल्याचं ओझं त्यांनी माझ्या नकळत कामात गुंतवून उतरवलं.

माईक मिळाला, वही हाती आली त्याच्या पुढच्या हंगामात. मी चारोळ्या, शेरोशायरी पाठ करून गेलो होतो. चढाई सुरू असताना मी देणगीदारांची नावं घेत होतो, मान्यवरांचं स्वागत करत होतो. सामना संपल्यावर नाना मला गर्दीच्या मागे भेळेचा गाडा लावून बसलेल्या मावशींकडे घेऊन गेले. त्यांना मैदान दिसत नव्हतं, फक्त कर्णा ऐकू येत होता. नानांनी विचारलं, "मावशी, कोण जिंकलं?" मावशींना सरपंचांचं नाव सांगता आलं, पारितोषिकाची रक्कम सांगता आली. सामन्याचा निकाल मात्र माझ्या बोलण्यातून त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. नाना मला रागावले नाहीत. "आपण या मावशींसाठी बोलतो," इतकंच म्हणाले.

त्या रात्री परतीची एसटी येईपर्यंत ते बाळ ज. पंडितांबद्दल बोलत होते. पंडित महाराष्ट्राकडून रणजी खेळले आणि पुढे आकाशवाणीवर क्रिकेटचं मराठी समालोचन करू लागले. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये रेडिओला कान लावून नानांनी ते वर्षानुवर्षं ऐकलं. "पंडितांचं ऐकताना चेंडू दिसायचा, पंडित दिसायचे नाहीत," हे त्यांचं वाक्य. ते पंडितांना कधी भेटले नाहीत, तरी गुरू मानत. नाना स्वतः समालोचन करत तेव्हा चढाईपटू निदान रेषेच्या किती पलीकडे गेला, कोपरारक्षक कुठे सरकला, दम टिकला का सुटला, एवढंच सांगत. देणगीदारांची नावं फक्त मध्यंतरात. त्यावरून मंडळांशी त्यांचे खटके उडत, पण ते मागे हटत नसत. माझ्या मते समालोचकाचं खरं कसब तिथेच दिसतं. कुठे बोलायचं नाही हे ज्याला ठरवता येत नाही, त्याचा आवाज कितीही गोड असला तरी उपयोग नाही.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि सतरंजीवरचे प्रश्न बदलले. आता पोरंच 'सुपर टॅकल', 'डू ऑर डाय' म्हणत येऊ लागली. नाना तोवर ऐंशीच्या घरात पोचले होते. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर जादा गुण मिळतो, लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो, हे त्यांनी पोरांकडून समजून घेतलं आणि वहीत उतरवलं. तेव्हा पोरं सांगत होती आणि नाना विचारत होते. दरवर्षी १५ जुलैला, शंकरराव तथा बुवा साळवी यांच्या जन्मदिवशी, राज्यात कबड्डी दिन असतो. त्या दिवशी ते वही काढून जुनी उत्तरं तपासायला बसत. नियम बदलला असेल तर आधीच्या उत्तरावर काट मारत नसत, खाली नवीन लिहून तारीख टाकत.

एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताने तो जिंकला. त्यानंतरच्या हंगामात एक मुलगी सतरंजीपुढे आली. पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा रुंद, महिलांचं बारा आणि आठ. पुरुषांचा डाव वीस मिनिटांचा, महिलांचा पंधरा. "आमचं का कमी?" तिने विचारलं. मागे बसलेले काही जण हसले. नानांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माईक तोंडाशी धरून ते म्हणाले, "नियम असा आहे, हे मला माहीत आहे. त्याचं मला पटेल असं कारण अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारत राहीन." वहीत तो प्रश्न लिहिला गेला, आणि उत्तराचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. माहीत नसलेल्या गोष्टीवर वेळ मारून न्यायची नाही, हे मी तेव्हा पाहून शिकलो.

नोकरीत मला याचाच आधार झाला. खरीपपूर्व बैठकीत सुरुवातीला मी योजनांची यादी वाचून दाखवत असे. मग एकदा मनाशी ठरवलं आणि नानांसारखं म्हटलं, ज्यांना सगळ्यात कमी माहीत आहे त्यांनी आधी विचारावं. कडेला बसलेल्या एका ताईंनी उसातल्या हुमणीबद्दल विचारलं. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर येतात, तेव्हाच ते गोळा करून नष्ट केले तर पुढची पिढी कमी होते, हे मी सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, तेव्हा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून कळवतो म्हणालो आणि कळवलं. माझ्याकडेही आता एक वही आहे. रकाने तेच.

२०१८ मध्ये जकार्त्याच्या आशियाई खेळांत भारताचे पुरुष उपांत्य फेरीत आणि महिला अंतिम सामन्यात इराणकडून हरल्या. सात वेळा सलग सुवर्ण जिंकलेला पुरुष संघ हरलाच कसा, असं लोक चिडून विचारत होते. नाना थकले होते, पण सतरंजीवर आले. इराणी संघाच्या पकडी त्यांनी बारकाईने समजावल्या, आणि दुसऱ्या देशात हा खेळ इतका नीट शिकला गेला याचा आपल्याला आनंद व्हायला हवा, असं म्हणाले. ती त्यांची शेवटची बैठक ठरली.

पुढचे, हांगझोऊचे आशियाई खेळ त्यांनी पाहिले नाहीत. ७ ऑक्टोबर २०२३ ला अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत होते. पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला, त्याच्या मागे इराणचे बचावपटू गेले, आणि जुना नियम लावायचा की नवा यावर खेळ तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. त्या संघात घोडनदीपलीकडच्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता. पुढे मार्च २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली. हांगझोऊनंतरच्या हंगामात आमच्या सतरंजीवर लॉबीशिवाय दुसरा प्रश्नच नव्हता. नाना असते तर काय केलं असतं, एवढाच विचार करून मी दोन्ही नियम शेजारी शेजारी मांडले. एका नियमात स्पर्शाविना लॉबीत गेलेला चढाईपटू तेवढा बाद, दुसऱ्यात त्याच्यामागे गेलेले बचावपटूही बाद. आपल्या स्पर्धेत कोणता लागू, ते पंचांनी सामन्याआधीच सांगावं, अशी विनंती केली. पंचांनी सांगितलं. त्या पंच म्हणजे मैदानाच्या मापाबद्दल विचारणारी तीच मुलगी. ती पंच परीक्षा पास झाली आहे.

नानांच्या घरच्यांनी त्यांची वही मला दिली. ती माझी आहे असं मी मानत नाही, सांभाळायला दिली आहे. काही पानं शिल्लक आहेत आणि काही प्रश्नांपुढचे रकाने अजून भरायचे आहेत. यंदाही दिवाळीनंतरच्या पहिल्या स्पर्धेला आम्ही दुपारी सतरंजी टाकणार आहोत. कबड्डीतलं ज्यांना काहीच कळत नाही, त्यांनी जरूर यावं. पुढची जागा त्यांचीच आहे.