मॉरिशसच्या रानातला चिनी पेरू

मॉरिशसच्या नैऋत्येस प्लेन शांपान्य नावाचे उंच पठार आहे. पेरूच्या हंगामात येथे रस्त्याच्या कडेला मोटारी उभ्या दिसतात आणि सहकुटुंब आलेली मंडळी झुडपांत शिरून सुपारीपेक्षा थोडी मोठी, तांबडी, आंबटगोड फळे तोडून मीठ-मिरची लावून खातात. यास तेथे 'चिनी पेरू' म्हणतात. मूळचा मात्र तो ब्राझीलचा. नावाने एक आणि मुळाने दुसरा, असा हा पाहुणा आता बेटाच्या रानाचा मालक होऊ पाहत आहे.

बेट लहान, सुमारे १८६५ चौरस किलोमीटरचे. तरी मध्यवर्ती पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. कोणते परके झाड कोठे फोफावेल, हे बव्हंशी पाऊस व उंची यांवरून ठरते. अभ्यासक त्यावरूनच संभाव्य प्रसाराचे नकाशे तयार करतात. ओल्या पठारावर चिनी पेरू आणि श्रीलंकेकडून आलेले प्रिव्हेट, तर कोरड्या सखल भागात सुबाभूळ. महाराष्ट्रात चाऱ्यासाठी लावलेली हीच ती सुबाभूळ.

झाडे येथे आली ती बहुधा माणसाच्या हातानेच. डच लोक १५९८ मध्ये आले आणि पुढे त्यांनी आबनूस तोडून युरोपात विकला. फ्रेंच अमदानीत प्येर प्वाव्र याने लवंग-जायफळाची रोपे आणवून पाम्प्लमूसच्या बागेत लावली. नंतर उसाचे मळे वाढले आणि १८३४ पासून मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर आले. त्यांत कोकणचे मराठी लोकही होते. आज तेथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. व्यापाराच्या हिशेबात या आयातीचा नफा मांडला गेला. रानाचे नुकसान कोणत्याच खात्यात पडले नाही.

पेरूचे बळ त्याच्या बियांत आहे. बहुबीज फळांचा विचार ज्या घरांत होतो, त्यांना हे निराळे सांगायला नको. पक्षी, माकडे, रानडुकरे फळ खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. मग झुडपांची अशी दाटी होते की आबनुसाच्या रोपाला ऊनच मिळत नाही. चांगल्या स्थितीतले मूळचे रान आता बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात काही तुकड्यांभोवती कुंपण घालून मजूर ही झुडपे हातांनी उपटतात. वनस्पतिकायाला जीव मानणाऱ्या श्रावकाच्या मनात येथे प्रश्न उठतो: हजारो एकेंद्रिय जीवांचा हा घात कशासाठी? प्रश्न टाळण्याजोगा नाही, आणि उपटणे निष्पाप आहे असेही म्हणवत नाही. परंतु हात बांधून बसल्यास रानातले आबनूस व त्यांवर जगणारे पक्षी जातात, तोही घातच. शिवाय हे संकट माणसानेच तेथे आणून लावलेले. कमीत कमी हिंसेचा मार्ग शोधणे एवढेच हाती उरते.

आग्नेय किनाऱ्याजवळच्या इल ओ एग्रेत या अवघ्या २६ हेक्टरच्या बेटावर असा एक मार्ग दिसतो. तेथे परकी झाडे काढल्यावर अल्दाब्रा बेटांवरची महाकाय कासवे सोडण्यात आली. ती आबनुसाची फळे गिळतात, संथपणे बेटभर हिंडतात, आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपे मूळ झाडापासून दूर, मोकळ्या जागी उगवू लागली आहेत.