मंगेशीचे अभिषेकी आणि आमचा ठराव

आमच्या गल्लीतील विठ्ठलमंदिराच्या इतिवृत्तपुस्तकात २०१६ सालचा एक ठराव आहे. हस्ताक्षर आमचे, शब्दयोजनाही आमचीच. मंदिराच्या आवारात संतरचनांखेरीज नाटक, चित्रपट अथवा करमणुकीच्या अन्य साधनांतील कोणतेही पद म्हटले जाऊ नये, असा त्याचा आशय. त्यात कोठे फट म्हणून राहिलेली नाही. ती राहिली असती तर बरे झाले असते, असे आज आम्हांस वाटते. आणि त्याचीच ही कैफियत.

पांढुर्णा आणि सौसर या दोन गावांच्या न्यायालयांत आमचा उदरनिर्वाह चालतो. दावे हिंदीत लिहावयाचे, पक्षकाराशी मराठीत बोलावयाचे, हा नित्यक्रम. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. त्याबद्दल तक्रार नाही. पण मराठी आमच्याकडे आली ती शाळेपेक्षा देवळातून अधिक आली: काकड्यातून, हरिपाठातून, आणि आमच्या घरापुरते बोलावयाचे तर वडिलांच्या पेटीतून व नागपूर आकाशवाणीवरून. बाबा सरकारी कारकून होते. त्यांची दैवते दोन. एक पांडुरंग आणि दुसरे पंडित जितेंद्र अभिषेकी.

गोमंतकीय वाचकांना अभिषेकीबुवांची ओळख आम्ही करून द्यावी हे उद्धटपणाचे होईल. तरीही सांगतो, कारण आम्हांला ती फार उशिरा झाली. २१ सप्टेंबर १९२९ रोजी मंगेशी येथे त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे नवाथे. श्रीमंगेशाला अभिषेक करण्याचा मान पिढीजात, म्हणून अभिषेकी. वडील कीर्तनकार, आणि पहिले गुरूही तेच. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. घरात कोंकणी, कीर्तनात मराठी आणि कचेरीत तिसरीच भाषा, ही स्थिती आम्हां सीमेवरच्या माणसांना निराळी समजावून सांगावी लागत नाही. पुढे मुंबईत संस्कृतचे अध्ययन, काही काळ आकाशवाणीवर नोकरी, आणि विद्येसाठी एकाच दाराशी न थांबणारी वणवण. अजमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित, गुलुभाई जसदनवाला अशा निरनिराळ्या घराण्यांच्या उंबरठ्यांवर ते शिष्य म्हणून बसले. घराण्याचा अभिमान मिरवण्याच्या त्या काळात याला धैर्य लागत असले पाहिजे.

१९६४ साली धि गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. त्याला संगीत दिले अभिषेकींनी, आणि मरगळलेल्या संगीत रंगभूमीला पुन्हा श्रोते मिळाले. दोन वर्षांनी शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ आले. १९६७ च्या डिसेंबरात आली ‘कट्यार काळजात घुसली’. या नाटकावर आम्हां नागपूरकडच्यांचा थोडा हक्क आहे, कारण लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे आणि खाँसाहेबांची भूमिका गाजविणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. त्या कट्यारीने केलेला एक खून राजा माफ करतो, ही तरतूद आम्ही जुन्या दंडसंहितेत शोधली; २०२४ पासून आलेल्या न्यायसंहितेतही ती नाही. असो. संगीतकारापुढची अडचण मात्र खरी होती. दोन घराण्यांचे भांडण नाटकात सुरांनीच दाखवावयाचे होते. बुवांनी एकाच पदाला दोन चाली दिल्या. पंडितजींच्या गळ्यात ते सालगवराळीत सावकाश उमलते, खाँसाहेबांच्या गळ्यात धानीत उसळते. शब्द तेच, पण ऐकणाऱ्यास कोणी सांगावे लागत नाही की ही दोन माणसे निराळी आहेत. स्वतःचा गळा एवढा सिद्ध असताना आपली उत्तमोत्तम पदे ते रामदास कामत, वसंतराव यांच्या स्वाधीन करीत गेले, याचे बाबांना फार अप्रूप होते.

७ नोव्हेंबर १९९८ रोजी पुण्यात बुवा गेले. कार्तिकी पौर्णिमा नुकतीच उलटली होती. बातमी आली तेव्हा बाबा जेवत होते. ते तसेच उठले, हात धुतले आणि पेटी उघडली. ‘ययाति आणि देवयानी’मधील ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ ही प्रार्थना त्यांनी भैरवीत म्हटली. तेव्हापासून दर कार्तिकात काकड्याची समाप्ती ते याच प्रार्थनेने करीत. ती नाटकातली आहे हे कोणाच्या ध्यानीही नव्हते.

२०१५ साली ‘कट्यार’ चित्रपटरूपाने आली आणि पुढच्या कार्तिकात गल्लीतली पोरे काकड्याला त्यातली गाणी म्हणू लागली. मंडळाचे वृद्ध वीणेकरी कोपले. “वकीलसाहेब, हे शिनिमातलं गानं देवापुढं कायले म्हनतेत?” म्हणून त्यांनी आम्हांस गाठले. आम्ही एका बैठकीत ठराव लिहून दिला. चित्रपट लिहिताना त्याच्या अलीकडे ‘नाटक’ हा शब्द आपोआप उमटला. वकिलाची लेखणी एका शब्दावर थांबत नाही. ठराव वाचून झाल्यावर बाबा एवढेच म्हणाले, “चांगला झाला. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहेत.” त्यांनी तो तंतोतंत पाळला. नंतर सहा कार्तिक ते देवळात गेले, टाळ वाजवला, ती प्रार्थना म्हटली नाही. घरी म्हणत, दार लावून. २०२२ च्या उन्हाळ्यात ते गेले. आपण काय केले हे आम्हांस त्यापूर्वी कळले नव्हते असे लिहिले तर ती खोटी साक्ष होईल. कळले होते. आपलाच ठराव मागे घेण्याची लाज वाटली.

पुढच्या वर्षी मंगेशीस गेलो. १५६० साली कुशस्थळीहून जीव मुठीत धरून आणलेले ते दैवत, तो सात मजली दीपस्तंभ पाहिला. याच देवळाच्या सावलीत वाढलेल्या सुरांना आम्ही पांढुर्ण्याच्या देवळाबाहेर काढले होते! दर्शन घेऊन बाहेर आलो तो पायऱ्यांवरच दुरुस्तीचा मसुदा मनात तयार झाला.

तो मसुदा घेऊन परवा वीणेकऱ्यांकडे गेलो. नव्वदीला टेकलेले, डोळ्यांनी अधू. ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाबा तुमचे म्हनत ते कोनतं? म्हना बरं.” आम्हांस गाता येत नाही. तरी दोन ओळी कशाबशा म्हटल्या. ते बराच वेळ बोटांनी मांडीवर ठेका धरून बसले.

“तुमचे बाबा याच्याहून सावकाश म्हनत,” ते म्हणाले.