दोन पट्टे

सकाळचे सहा वाजले होते. घणसोली गावातल्या एका बोळात विशीतला एक पोरगा हातात रिकामा पट्टा धरून उभा होता. बक्कल लावलेलं, घुंगरू जागच्या जागी, फक्त आत कुत्रा नव्हता. उभ्या स्कूटरखालून मांजर निघालं, कुत्रा झेपावला, पट्टा ताणला गेला. मग त्याने दोन पावलं मागे घेतली, मान खाली घातली आणि डोकं अलगद बाहेर काढून घेतलं. पाऊण तासाने तो खाडीच्या बाजूच्या रस्त्यावर सापडला, धापा टाकत, पण धडधाकट.

कुत्र्याचं नाव तुफान. वय नऊ महिने, वजन 21 किलो, जात कारवानी. पोराचं आजोळ लातूर जिल्ह्यातलं, पिल्लू तिथूनच आलेलं. गावात त्याचं कौतुक कमी आणि कीवच जास्त. दारात बसलेली एखादी आजी हटकून विचारते, "याला जेवायला देत नाय का रं?" शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे या कुत्र्यांच्या तब्येतीचं लक्षण आहे, हे त्या पोराने निदान शंभरदा सांगितलं असेल.

मराठवाडा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातल्या मोकळ्या शिवारात ससा नजरेने हेरून पळून पकडायचा, हे कारवानीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. अंगावर, कानांवर रेशमी केस असलेला तो पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी या जातीची नोंद कॅरव्हान हाउंड अशी आहे. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी पंचम जॉर्ज यांना याच कुत्र्यांची एक जोडी भेट दिली आणि मुधोळ हाउंड हे नाव दूरवर गेलं. 2005 मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांचा उल्लेख करताना मुधोळचं नाव घेतलं. त्यानंतर माझ्यासारख्या प्रशिक्षकांना शहरांतल्या सदनिकांमधून फोन येऊ लागले. बहुतेकांची तक्रार एकच: "घरात गरीब गाय आहे हो, बाहेर पडलं की हात उखडतो."

त्याचं मूळ डोळ्यात आहे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवून दिलं, की कुत्र्याचं नाक जितकं लांब, तितक्या त्याच्या दृष्टिपटलावरच्या चेतापेशी एका आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. आखूड नाकाच्या कुत्र्यांत त्या मध्यभागी गोळा झालेल्या दिसतात. आडव्या पट्ट्याचा फायदा असा, की क्षितिजाच्या रेषेवर कुठेही काही हललं तर मान न वळवताही कळतं. काळ्या रानात हे वरदान. घणसोलीच्या गावठाणात मात्र त्या रेषेवर मांजरं, कोंबड्या, सायकली, डिलिव्हरीवाल्यांच्या दुचाकी आणि वाऱ्याने उडणारी प्लास्टिकची पिशवी, सगळं एकदम येतं. गळ्यातला पट्टा ताणला जाण्याआधी डोळ्यातला पट्टा ताणला गेलेला असतो. शिकवणी तिथून सुरू करावी लागते.

त्याआधी साहित्य बदलावं लागतं. या कुळातल्या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळे साधा पट्टा कानांवरून सरकतो. दुहेरी फासाचा मार्टिंगेल पट्टा ओढ बसली की ठरावीक मापापर्यंतच आवळतो. तो दोन इंच रुंद घ्यावा, म्हणजे जोर श्वासनलिकेवर एका जागी येत नाही. जोडीला छातीवरून जाणारा हार्नेस. दोरी दीड-दोन मीटरची आणि तिला दोन कड्या. एक पट्ट्यात, दुसरी हार्नेसमध्ये.

आपोआप लांबणारी दोरी नकोच. कुत्र्याला तिच्यात वेग घ्यायला जागा मिळते. ग्रेहाउंड ताशी 60 किलोमीटरच्या पुढे जातो, तुफानचा वेग 36 धरू. त्या वेगात दोरी संपून तो जागीच थांबला, तर धक्का साधारण पाच मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो, आणि तो सोसायचा मानेने.

शिकवणी गच्चीवर सुरू झाली. पोराच्या खिशात मीठ न लावलेल्या सुक्या बोंबलाचे काटा काढलेले, नखाएवढे तुकडे. बिस्किटाकडे ढुंकूनही न पाहणारा तुफान बोंबलाच्या वासाने मान वळवायचा. जीभ टाळ्याला लावून 'टक्' असा आवाज काढायचा आणि लगेच तुकडा द्यायचा, तोही डाव्या मांडीजवळ. हात पुढे नेला, की कुत्राही पुढे जायला शिकतो. दोन दिवसांत 'टक्' म्हणजे बोंबील, हे गणित पक्कं झालं.

मग बोळ. नियम दोनच: दोरी सैल असेल तर चालायचं, ताणली तर उभं राहायचं. ओढायचं नाही, हिसका द्यायचा नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. ही कुत्री आवाज चढला की बावरतात, अंग चोरतात. घराच्या दारापासून बोळाच्या तोंडापर्यंत चाळीस पावलं. पहिल्या दिवशी त्याला बावीस मिनिटं लागली. शेजाऱ्यांना वाटलं, पोराचं काहीतरी हरवलंय.

खरी परीक्षा मांजराची. तुफानच्या हालचालींचा क्रम ठरलेला होता. आधी तोंड मिटायचं, धाप थांबायची. मग कान उभे, पुढचा एक पाय अधांतरी, मागच्या मांड्या खाली. मांड्या खाली गेल्यावर बोंबील काय, मटणही दिसत नाही. तोंड मिटलं त्या क्षणी 'टक्' केलं, तर कुत्रा वळतो. म्हणून मांजरापासून पंधरा पावलांवर थांबायचं आणि त्याने मांजराकडे नुसतं पाहिलं तरी 'टक्'. पाहायला मनाई नाही, पाहून वळलं की मोबदला. चार दिवस पंधरा पावलं, मग बारा, मग दहा. बोळात जागाच नसल्याने कधी कधी उलट पावली परतणं हाच धडा असायचा.

महिन्याभराने सगळं पुन्हा बिघडलं. पोरगा वैतागला, "मुद्दाम करतोय." वय तसंच असतं. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मार्गदर्शक कुत्र्यांची तरुण पिल्लं तपासली, तेव्हा पाच महिन्यांच्या मानाने आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्याचा 'बस' हा हुकूम जास्त वेळा कानाआड करत होती, परक्याचा मात्र ऐकत होती. घरोघरी वयात आलेली मुलं हेच करतात. तुफानला पुन्हा पंधरा पावलांवर नेलं.

शिवाय पायांना पळ हवाच. आठवड्यातून तीनदा, भिंतीने बंद असलेल्या मैदानात परवानगी काढून, काठीला दोरी आणि दोरीला फडकं बांधून पाठलागाचा खेळ. दहा मिनिटांत जीभ लोंबते. खाडीकाठी मात्र मोकळं सोडायचं नाही. ठाणे खाडीच्या खारफुटीत कोल्हे आहेत, किनाऱ्यावर पक्षी आहेत, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्याला पळवून हाकलणंही शिकारीतच मोडतं. दिवाळीत तर दोन्ही कड्या तपासल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. एका सुतळी बॉम्बने ही कुत्री गाव पार करतात.

गेल्या आठवड्यात त्याच बोळात तीच स्कूटर उभी होती, आणि मांजर सीटवर बसून पंजा चाटत होतं. सहा पावलांवर तुफान थबकला. तोंड मिटलं, एक पाय वर गेला. 'टक्' ऐकताच डावा कान तेवढा मागे फिरला, मग मान, मग सगळं अंग. दोरीला मधोमध झोळ पडलेला होता. पोराने खिशात हात घातला, बोंबील संपलेले. तुफानने खिसा हुंगला, पुन्हा हुंगला, आणि मांजराकडे नजर वळवली. पोराने दोरीचा एक वेढा हाताला घेतला, घाईघाईने दुसरा खिसा चाचपला.