न खुडलेल्या फुलांची वाडी

सूनबाईंचे सातव्या महिन्यातील डोहाळजेवण तळेघरच्या आमच्या दोन खोल्यांतच करावयाचे ठरले, तेव्हा जागेआधी प्रश्न निघाला तो फुलांचा. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा असे सारे फुलांचे अलंकार घालून वाडी भरावी, ही सूनबाईंची हौस. आमच्या सासूबाईंनी मात्र फुले खुडणे वर्ज्य केलेले. वनस्पतीतही एकेंद्रिय जीव असतो, हे आपण मुलांना शिकवितो. मग येणाऱ्या जीवाच्या स्वागताला टोपलीभर कळ्या तोडाव्यात काय?

तोडगा सासूबाईंनीच काढला. त्रिशलामातेची स्वप्ने श्वेतांबर परंपरेत 14, दिगंबर परंपरेत 16. पण पाचवे स्वप्न दोन्हींकडे पुष्पमालांचेच. "फुले नकोत असे नाही, खुडू नयेत इतकेच," असे म्हणत त्यांनी ट्रंकेतील आपली जुनी सुती लुगडी बाहेर काढली. चार दुपारी आम्ही तिघी पाकळ्या कातरीत बसलो. मुकुटाला लावलेला जरतारी काठ इतका शोभला की, बाजारच्या प्लास्टिकच्या माळांना ती सर कधीच येणार नाही.

आश्विन लागला होता. भीमाशंकरच्या वाटेवरचे माळ सोनकीने पिवळे झाले होते, म्हणून चौरंग खिडकीशी मांडून पडदाच काढून टाकला. खोलीत एका वेळी दहा जणीच मावत. साहजिकच ओटी दोन खेपांत भरली. कांदा-बटाट्याविना स्वयंपाक, सूर्यास्तापूर्वी पंगत. झाकलेल्या वाटीत बर्फी निघाली आणि सासूबाई सर्वांत मोठ्याने हसल्या.

निघताना विहीणबाईंनी वाडी हळूच घडी करून मागितली. बारशाला ती पाळण्यावर लावायची आहे.