मार्चची पाणीपट्टी

आमच्या पारोळा तालुक्यात मजुराच्या घरी पैसा येण्याचे महिने ठरलेले आहेत. दसऱ्याच्या सुमारास कापूस वेचणी लागते, ती संक्रांतीपर्यंत चालते. मग हरभरा, गहू, दादर ज्वारी यांची काढणी. त्यानंतर हाताला काम नाही. काही घरं दिवाळी झाली की दाराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास परततात. ग्रामपंचायतीची वसुली मात्र मार्चमध्ये येते आणि वर्षाची पाणीपट्टी एकदम मागते. हातात पैसा खेळतो तेव्हा कुणी दारात येत नाही, आणि दारात येतात तेव्हा डबा रिकामा असतो. थकबाकी वाढत जाण्याचं मोठं कारण मला इथेच सापडलं.

मी उमेद अभियानात सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणून महिला बचत गटांचं काम करते. बैठका घ्यायच्या, वह्या लिहून द्यायच्या, कर्जाची प्रकरणं बँकेत न्यायची. पाणीपट्टी हा माझा विषय नव्हता. एका वर्षी गावात थकलेल्या पाणीपट्टीसाठी लोक अदालतीच्या नोटिसा आल्या आणि भिलाटीतल्या, म्हणजे भिल्ल वस्तीतल्या, बाया कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यात एक विधवा मावशी होती. तिच्या हातातल्या नोटिशीवर तिच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव होतं. तीन वर्षांची बाकी, 3600 रुपये.

"माले जेलमा टाकतीन का वं ताई?" तिने विचारलं.

मी तिला बसवून कागद वाचून दाखवला. लोक अदालत म्हणजे शिक्षा नाही. कोर्टात दावा जाण्याआधीच दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तडजोड करायची, म्हणून हे वादपूर्व प्रकरण. कोर्ट फी लागत नाही, आणि आपल्याला मान्य नसेल तर सही करायची सक्ती नाही. पण एकदा तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकमासारखी पाळावी लागते, त्यावर अपील नसतं. म्हणून जमेल तेवढंच कबूल करायचं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पानी फुकट नको माले. पन इतला पैसा एकदम कथाईन लयू?"

मग आम्ही घरोघर बसून बाकी कशी साचली ते लिहून काढलं. पूर्वी या वस्तीत सार्वजनिक नळकोंडाळं होतं. तिथून पाणी भरणाऱ्याला सामान्य पाणीपट्टी लागायची, ती थोडी असायची. 2019 मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं, माणशी रोज 55 लिटरचा हिशेब धरून घरोघर नळ देण्याचं ठरलं. दारात तोटी आली, बायांची पायपीट थांबली, आणि घर विशेष पाणीपट्टीत गेलं. आमच्याकडे ती महिन्याला 100 रुपये, म्हणजे वर्षाला 1200. नळ हवाच होता, पण आकारणी बदलल्याचं कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. ऊसतोडीला गेलेल्यांचं घर पाच-सहा महिने बंद, तरी पट्टी बारा महिन्यांची. काही घरं पंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना आठमध्ये, अजून मयत माणसाच्या नावावर होती. आणि एखादी बाई मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला मागायला गेली की आधी बाकी भरा, असं ऐकून परत यायची.

दुसरी बाजूही समजून घ्यायची म्हणून मी ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे गेले. त्यांनी खर्चाची वही पुढे केली. सगळ्यात मोठा आकडा पंपाच्या वीजबिलाचा. त्यापाठोपाठ पाणी सोडणाऱ्याचं मानधन, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, गळती, जळालेली मोटर. वीजबिल थकलं की जोडणी तुटते आणि सगळ्या गावाचं पाणी बंद होतं. तेव्हा ज्यांच्या वाड्यात बोअर आहे त्यांचं भागतं. भिलाटीतल्या बाईला मात्र मजुरी बुडवून दुसऱ्याच्या विहिरीवर जावं लागतं किंवा पाणी विकत घ्यावं लागतं. पट्टी माफ करून टाका, असं म्हणणाऱ्यांनी ही वही एकदा बघावी. योजना बंद पडली तर पहिला मार गरिबाच्याच घराला बसतो.

गटाच्या बैठकीत बायांनीच वाट काढली. बचतीचे पैसे घेतो तेव्हाच प्रत्येकीने पाण्याचे 100 रुपये वेगळे द्यायचे. वेचणीच्या दिवसांत जमेल तिने दोन-तीन महिन्यांचे आधीच भरायचे, म्हणजे उन्हाळ्यात ओढाताण नको. ऊसतोडीला जाणारीने उचल हातात आली की त्यातून बाजूला काढायचे. पैसे गटाकडे साठवायचे नाहीत. त्याच आठवड्यात पंचायतीत भरायचे आणि जिचे तिच्या घराच्या नावाने नमुना दहाची पावती घ्यायची. पावतीबद्दल बाया फार ठाम होत्या. आधी दिलेल्या पैशांची पावती कुणाकडेच नसल्याने काहींना पुन्हा भरायची वेळ आली होती.

मागच्या बाकीचा प्रश्न अवघड होता. गटाच्या अंतर्गत कर्जातून ती भरावी, असं काहींचं म्हणणं पडलं. गटाच्या कर्जाला व्याज असतं, मग पाण्यासाठी काढलेल्या कर्जालाही व्याज लावायचं का? यावर बराच वाद झाला. एक जण म्हणाली, "ज्यांनी पोटाला चिमटा काढून वेळेवर भरलं, त्यांनी काय पाप केलं?" तिचं बरोबरच होतं. शेवटी असं ठरलं की बाकीतला एकही रुपया माफ मागायचा नाही, मुदत मागायची. पाण्याच्या कर्जाला व्याज लावायचं नाही, पण हप्ता चुकवायचा नाही. ज्या म्हातारीला कुणीच नाही, तिच्यासाठी गावातल्या गटांच्या ग्रामसंघाकडे अडचणीतल्या घरांसाठी असलेल्या जोखीम प्रवणता निधीतून रक्कम द्यायची आणि तिला जमेल तशी तिने ती फेडायची.

लोक अदालतीच्या दिवशी आम्ही तालुक्याच्या कोर्टात गेलो. पॅनेलसमोर पंचायतीच्या माणसाने वीजबिलाची अडचण सांगितली, बायांनी वेचणीचे महिने सांगितले. काही रक्कम लगेच, उरलेली दसऱ्यापासून हप्त्याने, अशी तडजोड झाली. मावशीने स्वतःचा अंगठा दिला. बाहेर आल्यावर आम्ही तिच्या नावाची नमुना आठमध्ये वारस नोंद करण्याचा अर्ज लिहिला.

त्यानंतर त्या वस्तीतून पट्टी येत राहिली. सगळ्यांची वेळेवर आली नाही. आजारपण निघालं की आधी दवाखाना, मग पाणी, हे कोणत्याही घरात तसंच असतं. पण वसुलीवाला आला की दार लावून घ्यायचं, हे थांबलं.

ही व्यवस्था आपल्या मातीला नवी नाही. बलुतेदाराचं देणं खळ्यावर, धान्य हाती आल्यावर दिलं जाई. धुळ्याकडे पांझरेवरच्या फड पद्धतीत शेतकरी स्वतः पाटकरी नेमत, पाण्याच्या पाळ्या ठरवत आणि पाट साफ करायला मिळून जात. देण्याची वेळ हंगाम बघून ठरवावी आणि कारभार वापरणाऱ्यांच्या हाती असावा, हे खान्देशाला ठाऊक आहे.

हप्त्याने सगळं सुटत नाही, हेही मला दिसतं. एकट्या म्हातारीच्या दोन हंड्यांना आणि गाडी-गुरं धुणाऱ्या घराला आमच्याकडे आजही एकच दर आहे. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवले आणि जास्त वापराला चढता दर लावला. दक्षिण आफ्रिकेने कुटुंबाला महिन्याला 6,000 लिटर पाणी विनामूल्य देण्याचं धोरण आणलं, त्यापुढच्या वापराला पैसे. आमच्यासारख्या गावात मीटर कधी येतील ते येवोत. तोपर्यंत ग्रामसभेला काही गोष्टी करता येतील: पट्टी महिन्याने घ्यावी, कुलूपबंद घराचे महिने मोजताना विचार करावा, एकट्या निराधारांचा दर वेगळा असावा आणि वसुलीचं काम महिला गटांना मोबदला देऊन सोपवावं. येत्या ग्रामसभेत हे विषय घ्यावेत म्हणून आम्ही लेखी अर्ज दिला आहे. त्यावर सह्या आणि अंगठे करणाऱ्या बायांमध्ये वेळेवर भरणाऱ्याही आहेत आणि बाकी असलेल्याही.