चाळीस पावलं, शंभर पावलं

उर्दूत फेरफटक्याला चहलकदमी म्हणतात. फारसीत 'चहल' म्हणजे चाळीस. चाळीस पावलं चालणं, हा मूळ अर्थ. मराठीत जेवणानंतर घालतात ती शतपावली. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळं मी हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. मुलं लगेच हिशेब करतात, "टीचर, मराठीत साठ पावलं जास्त!"

आमच्या अम्मींचा, म्हणजे सासूबाईंचा, आकडा डॉक्टरांनी ठरवला. साखर वाढलेली, गुडघे धरलेले. रोज अर्धा तास चाला. पण कुठं? त्या गच्चीवर चालायच्या. बारा पावलांत कठडा. मिरजेत गणेश तलाव आहे, तिथंही नेलं. पण त्यांचं अर्धं लक्ष मागून येणाऱ्या हॉर्नकडं. खरं कारण वेगळंच होतं. आमच्या गल्लीतली बाई बाजार, दवाखाना, दर्गा, लग्न यांसाठी बाहेर पडते. "नुसतं फिरायला गेले होते" हे सांगताना माझ्या पिढीचीही जीभ अडखळते. पुरुष इशानंतर तासभर चौकात उभे असतात, त्यांना कुणी कारण विचारत नाही.

म्हणून एका रविवारी अम्मींना आणि लेकीला घेऊन कोल्हापूरची गाडी धरली. हा रेल्वेमार्ग १८९१ चा, अंतर पन्नासेक किलोमीटर. स्टेशनवरून रिक्षानं थेट रंकाळा.

रंकभैरवावरून रंकाळा हे नाव पडलं, असं सांगतात. पूर्वी इथं दगडाची खाण होती म्हणे. पूर्ण फेरी चार किलोमीटरच्या वर भरते. पहिल्याच दिवशी पुरी करायचा हट्ट नको. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर एका बाजूनं जमेल तेवढं चालावं आणि परतावं. चढ नाही, दम लागत नाही. पलीकडं १९३४ च्या सुमारास बांधून झालेला शालिनी पॅलेस, पाण्यात संध्यामठ. पावसाळ्यात तो बुडतो आणि पाणी उतरलं की वर येतो, हे लेकीला पॅलेसपेक्षा जास्त आवडलं. सकाळीच जा. संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या गाड्या लागतात, मग मुलं पुढं सरकत नाहीत. मोठीही नाहीत.

अम्मी बुरख्यात, पायात माझे जुने बूट. समोरून नऊवारीतल्या आजी, ट्रॅकसूटमधल्या बायका, काठी टेकणारे आजोबा. थोडं चालल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "यहाँ तो सब चलतेच हैं. कोई देखताच नहीं." त्या दिवशी दोनदा बसून का होईना, पाऊण तास चालल्या.

आता महिन्यातून एकदा जातो. येत्या रविवारी गल्लीतल्या आणखी दोघी येणार आहेत. एकीनं विचारलं, "घर में क्या बोलूँ?"

अम्मी म्हणाल्या, "बोल, चलने कू जा रई."