आप्पांचा अंगठा

कोणतीही वस्तू सगळीकडून एकदम जुनी होत नाही. माणसाचा हात जिथे लागतो तिथून ती जुनी व्हायला लागते. दाराची कडी धरायच्या जागी चकचकीत होते, पाट्याला मधोमध खळगा पडतो आणि वाड्यातल्या दगडी पायऱ्या कडेला धड राहून मध्ये मात्र बशीसारख्या खोलगट होतात. एखाद्या घरात माणसे कशी वावरली हे जाणून घ्यायचे असेल तर तसबिरींपेक्षा या झिजलेल्या जागा अधिक खरे बोलतात. तसबिरी मुद्दाम लावलेल्या असतात. झीज कोणी मुद्दाम करीत नाही.

आमच्या विजेच्या मोटारीत अशी एक झिजलेली जागा होती. ही गाडी आम्ही २०२० च्या दसऱ्याला घेतली. विजेची मोटार म्हटली की लोकांना ती कालपरवाची वाटते. प्रत्यक्षात ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ साली, कामीय झेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने, आणि तोही विजेच्याच गाडीतून. आपल्याकडे बंगळूरची इवलीशी रेवा २००१ साली रस्त्यावर आली. आणि मोटारीत आपल्यासमोर जी फळी असते, जिला आपण डॅशबोर्ड म्हणतो, तो शब्द तर मोटारीहूनही जुना! घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीत बसणाऱ्यापुढे एक फळी ठोकीत. घोडा गेला, चिखल गेला, आता इंजिनही गेले. फळी मात्र आपली जागा सोडायला तयार नाही.

तर या फळीवर, डाव्या बाजूच्या आसनापुढे, एक लांबट शोभेची पट्टी होती. प्लॅस्टिकचीच, पण वरून मखमलीसारखा मऊ लेप दिलेली. असल्या लेपाला आपली हवा मानवत नाही. ऊन आणि दमटपणा यांनी तो हळूहळू विघटित होतो आणि गुळाच्या ढेपेसारखा चिकट होतो. त्यातून ते दिवस हाताला सतत सॅनिटायझर लावण्याचे. त्यातल्या मद्यार्काने उरलीसुरली कसर भरून काढली. पाच वर्षांत पट्टीच्या एका ठिकाणचा लेप पार निघून खालचे काळे प्लॅस्टिक दिसू लागले. बरोबर अंगठ्याएवढी जागा.

तो अंगठा आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा.

विजेच्या गाडीची एक खोड आहे. वेगाच्या पेडलवरून पाय उचलला की मोटरच जनित्र होते, चाकांची गती परत विजेत बदलून बॅटरीत भरते आणि गाडी ब्रेक न लावताच मंदावते. चालवणाऱ्याला ते आधीच ठाऊक असते. शेजारी बसलेल्याला नसते. तो किंचित पुढे झुकतो. आप्पांनी वीस वर्षे फियाट चालवली, स्टिअरिंगला गिअर असलेली. काचबिंदूने नजर अधू झाली तेव्हा त्यांनी स्वतः होऊन किल्ली माझ्या हातात दिली आणि त्याविषयी पुन्हा चकार शब्द काढला नाही. पण मी पाय उचलला की त्यांचा हात आपोआप वर जाई: चार बोटे फळीवर, अंगठा खाली पट्टीवर. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचा तो हात मी रोज पाहत असे.

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सौभाग्यवतींचे लक्ष त्या पट्टीकडे गेले. "घर एवढं लख्ख करायचं आणि गाडी अशी?" नवी पट्टी घ्यायची तर अख्खे पॅनेल मागवावे लागते. तेव्हा चिरंजीवांनी तोड काढली, "बाबा, वरून रॅप करून घेऊ." मला मात्र ती खूण पुसावीशी वाटेना. मी म्हणालो, "राहू दे की. आप्पांची आठवण आहे."

"आठवण मेलेल्या माणसाची असते," आप्पा आतून म्हणाले. "मी आहे अजून."

यावर कोण काय बोलणार? दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे नाना पेठेत गेलो.

कारागीर जेमतेम तिशीचा होता. त्याचे वडील रिक्षांच्या कुशनांना रेक्झिन चढवीत. मुलगा मोटारींना व्हायनिल चढवतो. आप्पा स्टुलावर बसून त्याचे काम न्याहाळू लागले. त्याने प्रथम गाडी बंद करून बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची तार सोडवली आणि थोडा वेळ नुसता थांबला. "एअरबॅग आहे ना आजोबा, तिची वीज उतरू द्यायची. पिवळ्या वायरला हात नाही लावायचा, आणि नारिंगी दिसली तर बघायचंसुद्धा नाही. ती मोठ्या बॅटरीची." मग प्लॅस्टिकच्या पातीने एकेक क्लिप अलगद सोडवून त्याने पट्टी बाहेर काढली. क्लिपा जपण्याचे कारणही त्याने सांगितले. या गाडीला इंजिनाचा आवाज नाही. एक क्लिप सैल राहिली तरी तिची कुरकुर कानाला लागते.

चिकट झालेल्या लेपावर फिल्म बसत नाही. म्हणून त्याने मद्यार्कात भिजवलेल्या फडक्याने सगळा लेप घासून काढला. मी जरा नाराजीनेच पाहत होतो. पण झाले भलतेच! लेप जात गेला तशी अख्खी पट्टी त्या अंगठ्याच्या जागेसारखीच काळी, उघडी होत गेली. आप्पांनी पाच वर्षे जे काम एका ठिकाणी केले होते, तेच त्याने अर्ध्या तासात पुरे केले.

मग नमुने आले. शिसवी लाकूड, कार्बन फायबर, संगमरवरसुद्धा. चिरंजीवांचे बोट कार्बनवर गेले. आप्पा म्हणाले, "वरून कीर्तन आतून तमाशा कशाला? प्लॅस्टिक आहे, प्लॅस्टिकच दिसू दे." साधा करडा रंग ठरला. फिल्म होती सुमारे पन्नास मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. गरम हवेच्या झोताने ती मऊ करून, मधून कडेकडे दाबत त्याने हवा काढली, कडा मागे वळवल्या आणि शेवटी पुन्हा जास्त तापवली. ताणलेल्या फिल्मला आपला मूळ आकार आठवतो. तापवून तो विसरायला लावला नाही तर ती महिन्याभरात कडेने उठते.

"वरच्या भागालाही लावून टाका," चिरंजीव म्हणाले. तिथे आप्पांच्या चार बोटांनी फळी गुळगुळीत झाली होती. कारागिराने मान हलवली. "तिथं खाली एअरबॅग आहे. ती फाटून बाहेर यायला पाहिजे. तिथं काही चिकटवायचं नसतं."

चार बोटे राहिली म्हणून मला बरे वाटले. पैसे देऊन निघताना मी ते आप्पांना बोलून दाखवले. ते क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "तुला ती आठवण वाटते रे. पण गाडीत पाहुणे बसतात. त्यांना काय दिसतं? म्हातारा घाबरतो, एवढंच दिसतं."

शाळेच्या पुस्तकांना जूनमध्ये खाकी कव्हर घालणारे आप्पा मला आठवले. दुमडलेला कोपरा, पडलेला डाग, सगळे ते कागदाखाली नीट झाकीत. आपल्या मुलाचे पुस्तक चारचौघांत उघडे पडू नये एवढाच त्यात हेतू असे. आज त्यांना तेवढेच स्वतःसाठी हवे होते.

गाडीत एक सोय आहे. पाय उचलल्यावर ती किती जोराने मंदावावी हे कमीजास्त करता येते. आप्पा शेजारी असले की मी आता ते अगदी कमीवर ठेवतो. बॅटरीत थोडी वीज कमी परत येते, येईना का. गाडी आपली बैलगाडीसारखी निवांत थांबते. हे मी आप्पांना सांगितलेले नाही.

परवा लक्ष्मी रोडच्या गर्दीत, आकाशकंदिलांच्या दुकानापाशी, सिग्नल लागला. गाडी थांबली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले. आप्पांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि ते खिडकीतून कंदिलाची किंमत विचारीत होते.